खिडकीखिडकीतला दिवा

कामं आटपून बसलात ना? गॅसवर काही ठेवलं असेल तर तेवढं बघून या, कारण आजची गोष्ट जरा लांबची आहे. घडली अमेरिकेत, आणि सांगायलाही थोडा वेळ लागेल.

त्याचं झालं असं. मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, सह्या झाल्या, आणि एका ताईनं आपला फोन माझ्यापुढे धरला. लांबलचक मेसेज होता. जगातल्या सगळ्या बँका ज्यू लोकांच्या ताब्यात आहेत, लढाया तेच लावतात, रोग तेच पसरवतात, आणि सगळ्या जगावर राज्य करायचा त्यांचा गुप्त कट आहे, असं त्यात लिहिलं होतं. शेवटी नेहमीचंच, दहा जणांना पाठवा.

ताई म्हणाली, "हे खरं का हो? आणि ज्यू म्हणजे कोण?"

मी काही बोलणार तोच कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "अगं, ते शनवार तेली! अलिबागेत इस्रायल आळी नाही का?"

बैठकीतल्या तरुण पोरींना ते ठाऊक नव्हतं. तुमच्यातल्याही काहींना नसेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ज्यू हा एक फार जुना धर्म आहे आणि तो पाळणाऱ्या माणसांनाही ज्यू म्हणतात. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर कित्येक शतकं ज्यू राहत आले. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. त्यांच्यात अशी कथा सांगतात की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि त्यातून फक्त सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पुढे ते आसपासच्या गावांतून राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. भाषा मराठी, नेसणं आपल्यासारखं, आणि आडनावंही गावांवरून पडलेली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभं राहिलं, ते बांधणाऱ्याचं नाव होतं सामाजी हसाजी दिवेकर. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले, पण तिथं जाऊनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

धर्मावरून शेजाऱ्यांनी त्यांना छळलं असं आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात आढळत नाही. ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण हा द्वेष आपल्यापर्यंत पोचलाच नाही असंही नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा अतिरेक्यांनी कुलाब्याचं नरिमन हाउस मुद्दाम निवडलं. तिथं ज्यू धर्मगुरूंचं कुटुंब राहत होतं. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांनी त्याला उचलून बाहेर आणलं. त्याचे आईवडील वाचले नाहीत.

माणूस ज्यू आहे एवढ्याच कारणावरून त्याचा राग करायचा, याला ज्यूद्वेष म्हणतात. इस्रायलच्या सरकारचं काय बरोबर आणि काय चूक यावर ज्याचं त्याचं मत असू शकतं, तो वेगळा विषय. पण कुठल्या तरी सरकारनं काही केलं म्हणून तिसऱ्याच देशातल्या एखाद्या ज्यू बाईला रात्री-बेरात्री फोन करून धमकावायचं, हा ज्यूद्वेषच झाला.

आता त्या मेसेजकडे येऊ. फोनमध्ये तो नवा कोरा दिसत होता, पण त्यातली थाप आपल्या आज्यांपेक्षाही म्हातारी आहे. १९०३ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरातल्या एका वर्तमानपत्रात एक मजकूर छापून आला. ज्यूंच्या पुढाऱ्यांनी गुप्त बैठका घेऊन जग ताब्यात घ्यायचा बेत केला, त्याची ही टिपणं, असं म्हणून तो छापला होता. अशा बैठका कधी झाल्याच नव्हत्या. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' या वर्तमानपत्रानं पुराव्यासकट दाखवून दिलं की हा मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकावरून चोरलेला आहे. ते पुस्तक फ्रान्सच्या बादशहावर टीका करणारं होतं, त्यात ज्यूंचा विषयसुद्धा नव्हता. म्हणजे चोरी पकडली गेली, छापून आली, सगळ्या जगानं वाचली. तरी थाप थांबली नाही.

ती अमेरिकेत पोचवणाऱ्यांत एक फार मोठा माणूस होता. मोटारगाड्यांचा कारखानदार हेन्री फोर्ड. त्याच्या मालकीचं एक साप्ताहिक होतं, 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट'. १९२० पासून त्यात ज्यूंविरुद्ध लेखमाला सुरू झाली. गाड्या विकणाऱ्या दुकानदारांनाही तो अंक खपवावा लागे, त्यामुळे तो लाखो घरांत जाई.

आणि बघा मैत्रिणींनो, पुढे त्या साप्ताहिकानं कोणाला धरलं! अ‍ॅरन सपायरो नावाच्या एका ज्यू वकिलाला. हा माणूस काय करत होता? शेतकऱ्यांना एकत्र आणून त्यांच्या सहकारी संस्था बांधत होता. एकेकट्या शेतकऱ्याला व्यापारी भाव पाडून देतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून माल विकावा, एवढंच त्याचं सांगणं. आपण पापड-लोणच्यासाठी जे करतो तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. तर फोर्डच्या साप्ताहिकानं लिहिलं की सहकाराच्या नावाखाली अमेरिकेची शेती ज्यूंच्या घशात घालायचा हा डाव आहे.

सपायरोनं दहा लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२७ च्या मार्चमध्ये डेट्रॉइट शहरात खटला उभा राहिला. मध्येच तो रद्द झाला आणि नव्यानं चालवायची वेळ आली, पण त्याआधीच, जुलैमध्ये, फोर्डनं जाहीर माफी मागितली. वर्ष संपता संपता साप्ताहिकही बंद पडलं. एका वकिलानं जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाला माफी मागायला लावली. मला हा प्रसंग फार आवडतो.

पण तो इथं संपत नाही. त्या लेखांची पुस्तकं निघाली होती, त्यांची जर्मन भाषेत भाषांतरं झाली होती. माफी मागितल्यावरही ती फिरत राहिली. जर्मनीत हिटलरच्या लोकांनी असलाच मजकूर शाळेत, वर्तमानपत्रात, रेडिओवर वर्षानुवर्षं चालवला. रोज ऐकून ऐकून शेजाऱ्याला शेजारी परका वाटू लागला. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, लेकराबाळांसकट. म्हणून 'नुसता मेसेज तर आहे' असं मला म्हणवत नाही.

इथपर्यंत थापेचा इतिहास सांगितला. आता थाप एखाद्या घराच्या दारात येऊन उभी राहते तेव्हा काय होतं, ते सांगते. यासाठी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जाऊ. डोंगराळ, थंड मुलूख. ज्यू कुटुंबं तिथं अगदी थोडी.

मोंटानातलं बिलिंग्ज शहर, साल १९९३. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. द्वेषाची पत्रकं रात्रीतून मोटारींवर, दारांवर टाकली जात. ज्यूंच्या स्मशानातले दगड पाडले गेले. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये डोकी भादरलेले गोरे तरुण येऊन मागे नुसते उभे राहू लागले. पुढच्या रविवारपासून दुसऱ्या चर्चची माणसं तिथं येऊन शेजारी बसू लागली. तिथल्या मूळनिवासी समाजातल्या एका बाईच्या घरावर शिव्या आणि हिटलरचं चिन्ह रंगवलं गेलं. तर शहरातल्या रंगाऱ्यांच्या संघटनेची माणसं डबे-ब्रश घेऊन आली आणि घर फुकट रंगवून दिलं. आवडतं मला हे. भाषण नाही, मोर्चा नाही. आपल्याला जे काम येतं ते घेऊन दारात उभं राहायचं.

मग आला डिसेंबर. डिसेंबरच्या सुमारास ज्यूंचा हनुक्का हा सण येतो. आठ दिवस दिवे लावतात, त्यासाठी नऊ दिव्यांची एक समई असते, तिला मेनोरा म्हणतात. श्नित्झर कुटुंबातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या खोलीच्या खिडकीला मेनोराचं चित्र चिकटवलेलं होतं. २ डिसेंबरच्या रात्री कुणीतरी तीच खिडकी दगडानं फोडली. काचा मुलाच्या पलंगावर पडल्या. सुदैवानं त्याला काही झालं नाही.

चौकशीला आलेल्या पोलिसानं आईला, टॅमी श्नित्झर यांना, सल्ला दिला की खिडकीतलं चित्र काढून टाका. सल्ला वाईट हेतूनं दिला नव्हता. पण त्या आईला प्रश्न पडला, की मुलाला काय सांगू? आपण कोण आहोत ते लपवायचं, असं सांगू? तिनं हे वर्तमानपत्राला उघडपणे सांगितलं.

दुसऱ्या एका घरात मार्गारेट मॅकडोनाल्ड या ख्रिश्चन बाईंनी ती बातमी वाचली. आपल्या लेकरांना कुणी असं सांगितलं असतं तर, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना फोन केला. आपल्या चर्चमधल्या मुलांनी मेनोराची चित्रं काढून घरोघरी खिडकीत लावली तर? एवढीच ती कल्पना. बघता बघता इतर चर्चनी ती उचलली. पोलीस प्रमुखांना लोकांनी विचारलं, यात धोका नाही का? ते म्हणाले, धोका आहे, पण न लावण्यात जास्त धोका आहे. शहराच्या वर्तमानपत्रानं अख्खं पान भरून मेनोराचं चित्र छापलं, कापून खिडकीला लावता येईल असं.

दगड मारणारे लगेच थांबले नाहीत, हे सांगायलाच हवं. ज्या ख्रिश्चन घरांनी चित्रं लावली त्यांच्याही काचा फुटल्या. एका कॅथलिक शाळेच्या काचा फुटल्या. पण त्यामुळे चित्रं कमी झाली नाहीत, वाढली. सहा ते दहा हजार घरांत ती लागली असं सांगतात. ज्या शहरात ज्यूंची घरं बोटांवर मोजण्याइतकी, तिथं आता कुठलं घर ज्यूंचं आणि कुठलं नाही हे ओळखणंच मुश्कील झालं. नव्या वर्षात हल्ले ओसरले.

आता त्याच मोंटाना राज्यात तेवीस वर्षं पुढे या. गाव व्हाइटफिश, डिसेंबर २०१६. या वेळी दगड नाही, फोन.

तान्या गर्श या तिथं घरं-जागा विकून देण्याचा व्यवसाय करायच्या. ज्यू होत्या, नवरा, शाळकरी मुलं, चारचौघींसारखा संसार. त्या गावात एका बाईंची इमारत होती, आणि त्या बाईंचा मुलगा गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणारा पुढारी म्हणून देशभर गाजत होता. गावातले लोक चिडले होते, इमारतीपुढे निदर्शनं करायची चर्चा होती. या बाईंचं आणि गर्श यांचं फोनवर बोलणं झालं. त्यात काय झालं यावर दोघींचं म्हणणं वेगळं आहे. गर्श म्हणतात, सल्ला विचारला म्हणून इमारत विकण्याचा सल्ला दिला. त्या बाई म्हणाल्या, मला धमकावलं. त्यांनी तसं जाहीरपणे लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी हिटलरची भक्ती करणाऱ्या एका संकेतस्थळाचा चालक, अँड्र्यू अँग्लिन, या भांडणात उतरला. त्याचा व्हाइटफिश गावाशी संबंध नव्हता. त्यानं गर्श कुटुंबाचे फोन नंबर, ईमेल, फोटो छापले, बारा वर्षांच्या मुलासकट, आणि आपल्या वाचकांना सांगितलं की तुटून पडा. पुढच्या काही महिन्यांत असे तीसेक लेख आले.

मग फोन वाजू लागला. उचलला की पलीकडून गोळ्या झाडल्याचे आवाज. लेखी निरोप, आवाजी निरोप, पत्रं. हिटलरच्या छळछावणीच्या फाटकापुढे आईचा आणि मुलाचा फोटो चिकटवलेलं चित्र. वसंत ऋतूपर्यंत असे सातशेहून जास्त निरोप झाले. गर्श यांनी सांगितलं आहे, की एकदा त्या घरी आल्या तर नवरा अंधारात बसलेला आणि जमिनीवर बॅगा. रातोरात घर सोडायचं की काय, हे त्यांना ठरवायचं होतं. झोप गेली, काम सुटलं, उपचार घ्यावे लागले. अंगाला कुणी हातही लावला नव्हता, तरी एवढं.

त्यांनी घर सोडलं नाही. याचं एक कारण गाव. ज्या राज्यात लोकांना बिलिंग्ज आठवत होतं, तिथं पुन्हा कागदाचे मेनोरा दुकानांच्या नि घरांच्या खिडक्यांत लागले. राज्याचे दोन्ही पक्षांचे मोठे पुढारी एका पत्रावर सह्या करून म्हणाले की हे आमच्या राज्यात चालणार नाही. अँग्लिननं जानेवारीत गावात हत्यारबंद मोर्चा काढायची घोषणा केली होती. त्याच्या आधीच शेकडो गावकरी कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर जमले. तो मोर्चा आलाच नाही.

दुसरं कारण कायदा. एप्रिल २०१७ मध्ये गर्श यांनी अँग्लिनवर दावा लावला. तो म्हणाला, हे माझं भाषणस्वातंत्र्य आहे. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. तो जबाब द्यायलाही हजर झाला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये निकाल लागला, १ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त भरपाई आणि ते सगळे लेख काढून टाकायचा हुकूम. पैसे त्यानं दिले नाहीत, लपून राहिला, २०२२ मध्ये त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं. म्हणजे पूर्ण न्याय मिळाला असं म्हणता येणार नाही. पण एका बाईनं मान खाली घातली नाही, आणि अशा छळाची भरपाई द्यावी लागते, हे न्यायालयाच्या निकालानं दाखवून दिलं.

मैत्रिणींनो, ही हकीकत वाचताना मला आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट आठवत राहिली. ती सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईचा फोटो कुणीतरी बिघडवला आणि तिच्या नंबरासकट फोनवर फिरवला. तिच्या धर्मा-जातीचा तिथं प्रश्न नव्हता, कर्जाच्या हप्त्यावरून आलेला राग होता. पण पुढे झालं ते तसंच. रात्रभर अनोळखी पुरुषांचे फोन. तिनं फोन बंद केला. बैठकीला येणं बंद केलं. पाण्याला सुद्धा पहाटे जाऊ लागली, कुणी भेटू नये म्हणून. आणि आम्ही काय केलं? आम्ही म्हटलं, तिला थोडा वेळ देऊ या, आत्ता गेलो तर तिला अवघड वाटेल. मी समन्वयक, मी पण तेच म्हटलं. नऊ दिवस आमच्यातली एकही तिच्या घरी गेली नाही.

नंतर ती मला म्हणाली, "ताई, त्या फोनांचं एवढं नाही. तुम्ही कुणी आला नाहीत, तेव्हा मला वाटलं तुम्हालाही ते खरं वाटलं."

ती आता पुन्हा गटात येते. पण पैशाचं काम तिनं परत हातात घेतलं नाही.

म्हणून बिलिंग्जच्या त्या बायकांची गोष्ट मला एवढी लागली. त्यांनीही दगड मारणारा कोण ते शोधलं नव्हतं. त्यांनी त्या आईला पहिल्या आठवड्यात एवढं कळवलं, की तू एकटी नाहीस. छळणाऱ्याला तेच तर हवं असतं, की हिला वाटावं सगळं जग आपल्यावर उलटलंय. एक माणूस दहा नावांनी फोन करतो, आणि बाईला वाटतं गाव फोन करतंय. खरं गाव दारात आलं की तिला फरक कळतो.

आता आपल्यातल्या कुणावर अशी वेळ आली, मग ती कुठल्याही धर्माची असो, जातीची असो, तर काय करायचं ते सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिलं, धमकीला उत्तर देऊ नका. शिवीला शिवी दिली की त्याला खेळ मिळतो. पण उत्तर द्यायचं नाही म्हणजे गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या किंवा गटातल्या एकीला सांगा.

दुसरं, पुसू नका. आपल्याला किळस येते, आपण लगेच पुसून टाकतो. थांबा. आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. आवाजी निरोप जपून ठेवा. वहीच्या एका पानावर तारीखवार लिहा, कधी फोन आला, काय म्हणाला. गर्श यांचे सातशे निरोप न्यायालयापुढे मांडता आले ते जपलेले होते म्हणून. आणि हे काम छळ होणाऱ्या बाईनं स्वतः करायला हवं असं नाही. तिचा फोन विश्वासातल्या मैत्रिणीनं काही दिवस सांभाळावा, म्हणजे तिला ते सारखं वाचावं लागणार नाही. पुरावा झाला की नंबर ब्लॉक करा आणि त्या अ‍ॅपमध्येच तक्रार नोंदवा.

तिसरं, फोनची दारं-खिडक्या लावून घ्या. आपला फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं सेटिंग करता येतं. कुणीही उठून आपल्याला ग्रुपमध्ये घालू नये असंही करता येतं. दोन टप्प्यांचा पिन लावा. मुलांच्या शाळेचं नाव, गणवेशातले फोटो टाकू नका. आणि एक खास आपल्यासाठी. मसाल्याच्या पाकिटावर, पापडाच्या पिशवीवर आपण एखाद्या ताईचा घरचा नंबर छापतो. यापुढे गटाच्या धंद्यासाठी वेगळं सिम घ्या.

चौथं, पोलीस. जिवाला धोका वाटला तर ११२. इंटरनेटवरच्या गुन्ह्यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, १९३० हा मदत क्रमांक आहे, तो मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी. बाईच्या मनाविरुद्ध फोनवरून, इंटरनेटवरून तिचा सतत पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. धमकी देण्यासाठी कलम ३५१ आहे. धर्म, जात, भाषा यांवरून लोकांत वैर पसरवलं तर कलम १९६. 'आमच्या हद्दीत येत नाही' असं कुणी म्हटलं, तरी दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि एकटीनं जाऊ नका. तिघी-चौघी जा.

पाचवं, शेजारधर्म. तिच्याकडे रात्री एखादी झोपायला जा. मुलांना शाळेतून आणा. बैठकीला येताना तिच्या दारावरून या आणि तिला घेऊन या. "काय झालं गं नक्की?" असं खोदून विचारू नका. चहा करा आणि बसा.

सहावं आणि शेवटचं. आपल्या फोनमध्ये कुठल्याही समाजाला एकजात वाईट ठरवणारा मेसेज आला, तर तो आपल्यापाशी थांबला पाहिजे. आज ज्यूंचं नाव असेल, उद्या आणखी कुणाचं, परवा आपलं.

त्या बैठकीतल्या ताईचं काय झालं, विचाराल. तिनं तो मेसेज दहा जणांना पाठवला नाही. तिला तो तिच्या भाच्यानं पाठवला होता, मुंबईत नोकरीला असतो. तिनं तिथंच सगळ्यांसमोर त्याला फोन लावला आणि म्हणाली, "अरे बाबा, ज्यू म्हणजे आपले शनवार तेली. तुझ्या पणजीच्या घरात दिव्याला तेल त्यांच्या घाण्यावरचं यायचं. तू हे कुठून उचललंस?" पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. बहुतेक काहीच म्हणाला नाही.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की प्रत्येकीनं आपल्या वहीच्या मागच्या पानावर दोन नावं लिहायची. आपल्यावर अशी वेळ आली तर पहिला फोन जिला करू, तिचं एक. आणि जिच्यावर वेळ आली तर आपण त्याच दिवशी जिच्या दारात जाऊ, तिचं दुसरं. सगळ्यांची नावं वाचून घ्या, आणि दुसऱ्या यादीत एकही बाई सुटलेली नाही ना, ते बघा. सुटली असेल तर तिचं नाव मी लिहीन.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.